एका कोळशाचे किती युनिट?

भाच्याच्या संगणकात एक कारखाना चालतो. जमिनीतून लोखंडाचं खनिज निघतं, पट्ट्यावरून भट्टीत जातं, भट्टीतून पत्रे बाहेर पडतात, पत्र्यांची दातेरी चाकं होतात, चाकांची यंत्रं होतात आणि ती यंत्रं पुन्हा नवी यंत्रं घडवतात. खेळाचं नाव फॅक्टोरिओ. चेक प्रजासत्ताकातल्या प्राग शहरातल्या वूब सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने तो केला. २०१३ साली लोकांकडून वर्गणी गोळा करून काम उभं राहिलं आणि १४ ऑगस्ट २०२० रोजी खेळ ‘पूर्ण’ म्हणून बाहेर आला. गुढीपाडव्याला भाचा कळमनुरीला आला होता, तेव्हा मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. खेळ शिकायची हौस नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यात सारखे आकडे पळत होते आणि प्रत्येक आकड्यापुढे काहीतरी एकक होतं, तेवढ्यासाठी बसलो. मोंढ्यात आडतीच्या गादीवर बसून हिशेब लिहिण्यात माझी उमर गेली. मापाडी काट्यावरून आकडा ओरडणार आणि मी तो वहीत टिपणार, ही सवय. आकडा दिसला की तो कशाचा, किती मोठा, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

त्याने कोळशाच्या खड्यावर बाण नेला. तिथे लिहून आलं : ४ मेगाजूल.

‘‘म्हणजे किती रे?’’

‘‘मामा, एका बॉयलरला सव्वादोन सेकंद पुरतो.’’

उत्तर बरोबर होतं. बॉयलर १.८ मेगावॉटचा आहे, म्हणजे सेकंदाला १.८ मेगाजूल खातो. चाराला एक पूर्णांक आठने भागलं की सव्वादोनाच्या जवळ येतं. पण हे खेळातल्या खेळात दिलेलं उत्तर झालं. मला हवं होतं आमच्या घरचं.

आपल्याकडे ‘युनिट’ म्हटलं की बिलावरचं युनिट. ते म्हणजे एक किलोवॉट-तास : हजार वॉटची शेगडी तासभर चालली की मीटर एकाने पुढे सरकतो. सेकंदाला हजार जूल, तासात ३,६०० सेकंद, म्हणजे एका युनिटचे ३६ लाख जूल, अर्थात ३.६ मेगाजूल. तेव्हा खेळातला कोळशाचा एक खडा म्हणजे एक युनिट आणि वर दहाव्या हिश्श्याहून थोडं जास्त. आपल्या देशातल्या कोळशात राख पुष्कळ. त्यातून किलोला ढोबळमानाने १५ ते २० मेगाजूल उष्णता मिळते. त्या हिशेबाने हा खडा पाव किलोच्या आसपासचा. मुठीत मावेल एवढा. इथपर्यंत खेळ चोख आहे.

पुढे मात्र तो फार उदार होतो. या पाव किलोतली सगळी उष्णता खेळात वीज होऊन तारेत उतरते. परळीच्या औष्णिक केंद्रात काय किंवा दुसरीकडे कुठे काय, असं होत नाही. कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच वीज होते, बाकीची धुराड्यातून आणि पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यांतून हवेत जाते. म्हणून खरोखरच्या एका युनिटमागे ६००-७०० ग्रॅम कोळसा जळतो.

हे ऐकल्यावर भाच्याने एक गंमत सांगितली. खेळातही पूर्वी गळती होती. कोळसा तेव्हा ८ मेगाजूलचा होता आणि बॉयलर त्यातला निम्मा वाया घालवायचा. २०१९च्या फेब्रुवारीत ०.१७ ही आवृत्ती आली तेव्हा कोळसा निम्मा केला आणि बॉयलरची गळतीही काढून टाकली. आठातले चार वाया, किंवा चारातले चारही कामाचे. तारेत येणारी वीज तेवढीच. कुणाचा कारखाना बंद पडला नाही. फक्त डोक्यातला एक भागाकार कमी झाला.

त्याच आवृत्तीत आणखी एक बदल झाला, आणि तो मला फारच ओळखीचा वाटला. सामान वाहून नेणारा सगळ्यांत साधा, पिवळा पट्टा तोवर सेकंदाला १३.३३ नग न्यायचा. दगडी भट्टीत लोखंडाचा एक पत्रा ३.५ सेकंदांत तयार व्हायचा. आता हिशेब करा : पट्टा पूर्ण भरायचा तर भट्ट्या किती बांधाव्यात? १३.३३ गुणिले ३.५, म्हणजे ४६ पूर्णांक दोन तृतीयांश. दोन तृतीयांश भट्टी कोण बांधणार? कंपनीने पट्टा १५ नगांवर नेला आणि पत्र्याची वेळ ३.२ सेकंदांवर आणली. पंधरा गुणिले ३.२ म्हणजे बरोबर ४८. विजेवरचं खाणयंत्र सेकंदाला ०.५२५ नग काढायचं, ते ०.५ वर आणलं. जुने खेळाडू थोडे कुरकुरले असतील, नव्यांना काही कळलंही नसेल.

आमच्या वाडवडिलांनी हेच सोसलं, फक्त खऱ्या पैशात आणि खऱ्या धान्यात. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा इथे हाली सिक्का चालायचा आणि इंग्रजी रुपयाला कलदार म्हणायचे. सहा कलदार म्हणजे सात हाली. सातने भागायचं हे ज्याला तोंडी जमलं तो खरा व्यापारी! १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर पैसे झाले आणि एक आणा पडला सव्वासहा पैशांचा. तो पाव पैसा कुणाच्या खिशात जातो यावर दुकानादुकानांत वाद. मग वजनं. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, ४० शेरांचा मण म्हणजे ३७.३२ किलो. १९५६च्या कायद्याने दशमान पद्धत आली, ती टप्प्याटप्प्याने लागू होत गेली आणि १९६२पासून व्यवहारात जुनी वजनं वापरायला बंदी झाली. तरी सोनाराकडे आजही तोळाच मागतात. फक्त पूर्वी ११.६६ ग्रॅमचा होता तो आता निमूटपणे १० ग्रॅमचा झाला. नाव जुनं, माप नवं. खेळातला पट्टाही तसाच : रंग पिवळाच राहिला, आतला आकडा बदलला.

हा सगळा उद्योग कशासाठी? तोंडी हिशेब जमावा म्हणून. एकक खरं की खोटं हा प्रश्न पुढचा. आधी ते माणसाच्या डोक्यात मावलं पाहिजे.

वॉट आणि जूल यांत आपल्याकडे कायम गल्लत होते. ‘धरणावर अमुक मेगावॉट वीज साठवली’ असलं वाक्य मी छापलेलं वाचलं आहे. मेगावॉट साठवता येत नाही. तो वेग आहे. छपरावरच्या टाकीत पाणी किती, हे जूल. तोटीतून ते किती जोरात येतं, हे वॉट. टाकी मोठी आणि तोटी बारीक असू शकते, उलटंही. फॅक्टोरिओमध्ये ही गल्लत केली की रात्री कारखाना विझतो, त्यामुळे पोरं ती दुसऱ्यांदा करत नाहीत. तिथल्या एका बॅटरीत ५ मेगाजूल मावतात आणि ती जास्तीत जास्त ३०० किलोवॉटने वीज सोडते. पाचाला ०.३ने भागा : पावणेसतरा सेकंदांत रिकामी. एवढ्यात रात्र निघत नाही हे लगेच कळतं. मग खेळाडू बसून गणित मांडतात आणि दर २५ सौर पॅनेलमागे २१ बॅटऱ्या या प्रमाणावर येतात. हे प्रमाण त्यांना पाढ्यासारखं पाठ असतं.

सौर पॅनेलचं नाव निघालं तसा मी पुढे सरकलो. सध्या आमच्या तालुक्यात ज्याच्या त्याच्या तोंडी सौर पंप आहे : तीन एचपी मिळाला, पाच मिळाला, साडेसातचा अर्ज केला. पाच एचपी म्हणजे पावणेचार किलोवॉटच्या जरा आत. खेळातलं एक पॅनेल भर उन्हात ६० किलोवॉट देतं. म्हणजे ८० एचपी! असल्या एका पॅनेलवर पाच एचपीचे सोळा पंप चालतील. मी विचारलं, पॅनेल केवढं? तीन टाइल लांब, तीन टाइल रुंद. टाइल म्हणजे खेळातल्या जमिनीचा चौकोन, आणि खेळातली गाडी किलोमीटर-प्रतितास दाखवते त्यावरून हिशेब केला तर एका टाइलची बाजू एक मीटर भरते. म्हणजे पॅनेल नऊ चौरस मीटरचं. ६० किलोवॉट भागिले नऊ, चौरस मीटरला साडेसहा किलोवॉटच्या वर. आता चैत्र-वैशाखातलं कळमनुरीचं ऊन जगात कुणाला ऐकत नाही असं आम्हाला वाटतं, पण भर दुपारी निरभ्र आकाशातून जमिनीवर चौरस मीटरला एक किलोवॉटच्या आसपासच शक्ती पडते, आणि चांगलं पॅनेल त्यातला पाचवा हिस्सा पकडतं. खेळातला सूर्य आपल्या सूर्याच्या साडेसहा पट तरी तापायला हवा, आणि पॅनेलने त्यातला एक किरणही वाया घालवता कामा नये. तेवढ्या उन्हात पिकं उभी जळतील, त्याचं काय? भाचा म्हणाला, खेळात शेती नव्हतीच ना. (नंतरच्या विस्तारात आली म्हणे.)

वॉट, जूल, मीटर ही एककं खेळाने आपल्याकडून उसनी घेतली, पण त्यांच्यामागचं जग घेतलं नाही. म्हणून उसन्या नावाच्या एककावर भरवसा ठेवताना जपावं. नाव खरं असतं, आकडा खेळाच्या सोयीचा असतो.

जमिनीच्या मापात मात्र एक सुरेख योगायोग सापडला. खेळाचं जग ३२ बाय ३२ टाइलच्या तुकड्यांत पाडलेलं असतं, त्याला चंक म्हणतात. ३२ गुणिले ३२ म्हणजे १,०२४ चौरस मीटर. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फुटांचा, म्हणजे १०१ चौरस मीटर आणि थोडा. एक चंक म्हणजे दहा गुंठे! पाव एकर. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिलेलं असलं तरी गावात बोलताना गुंठाच चालतो, आणि प्रागमधल्या पोरांनी संगणकाच्या सोयीसाठी ३२चा चौकोन पाडला तो नेमका आमच्या दहा गुंठ्यांवर येऊन बसला. चाळीस गुंठ्यांचा एकर, चार चंकांचा एकर. भाच्याचा कारखाना दीडशे चंकांचा आहे. साडेसदतीस एकर, सगळी बागायती समजा.

चंकाच्या आत टाइल, आणि टाइलचेही २५६ भाग. खेळातली कुठलीही वस्तू याहून बारीक सरकू शकत नाही, म्हणजे चार मिलिमीटर हा त्या जगाचा सर्वांत लहान अंतराचा कण झाला. आपल्या जगाचा असा कण कुठे आहे ते माहीत नसताना माणसं किती बारीक मोजायला निघाली आहेत, ते आमच्याच हिंगोली जिल्ह्यात दिसणार आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनात असतील, आणि दूरवरच्या कृष्णविवरांच्या टकरीने त्यांची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी बदलली तरी ते टिपायचं आहे. गुंठा, आर आणि हे, सगळं एकाच जिल्ह्यात.

वेळेचं एकक खेळाने स्वतःचं ठेवलं आहे : टिक. सेकंदाचा साठावा भाग. संगणकाचे पडदे सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतात त्यावरून ते आलं. (आपल्या तारांतली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, त्याच्याशी याचा संबंध नाही.) साठाचा आकडा ऐकून मला पंचांग आठवलं. दिवसाच्या ६० घटका, घटकेची ६० पळं, पळाची ६० विपळं. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं, विपळ ०.४ सेकंदाचं. म्हणजे एका विपळात बरोबर २४ टिक. खेळातला अख्खा दिवस २५,००० टिकांचा, सात मिनिटांना जरा कमी. सतराएक पळांत सूर्य उगवून मावळून पुन्हा उगवतो. लग्नात घटिकापात्र बुडायची वाट पाहिलेल्या माणसाला हे जरा घाईचं वाटतं, पण साठाची सोय दोन्हीकडे एकच. साठाला २, ३, ४, ५, ६, १०, १२ या सगळ्यांनी भाग जातो, अपूर्णांक अंगाशी येत नाही.

आता उसनवारी सोडून खेळाचं असं जे खास एकक आहे त्याकडे येतो. ते म्हणजे ‘नग’. खनिजाचा खडा एक नग, पत्रा एक नग, रेल्वेचं इंजिनही एकच नग. पट्ट्यावर ते सारखीच जागा अडवतात : एका टाइलवर आठ नग. आमच्याकडे कडबा असाच पेंढ्यांवर विकतात, शेकड्याने. पेंढी लहान बांधली की मोठी यावर घासाघीस होते ती वेगळी. खेळात पेंढी लहान-मोठी होतच नाही. गेली कित्येक वर्षं तर या नगाला वजनच नव्हतं. खेळाडूच्या पिशवीत शंभर-शंभर पत्र्यांच्या थप्प्या रचल्या तरी त्याची चाल मंदावत नसे. वजन आलं ते २०२४च्या ऑक्टोबरमध्ये, ‘स्पेस एज’ नावाच्या विस्तारात, अग्निबाणाने सामान वर पाठवायची वेळ आली तेव्हा. अग्निबाणाला एक टनाची मर्यादा घातली आणि प्रत्येक नगाला वजन द्यावं लागलं. लोखंडाचा पत्रा एक किलोचा ठरला, म्हणजे अग्निबाणात हजार पत्रे. गरज पडली तेव्हा एकक जन्माला आलं, तोवर कुणाचं अडलं नव्हतं. पायलीही अशीच होती. चार शेरांची पायली हे मुळात पोकळीचं माप. ज्वारीची पायली आणि तिळाची पायली वजनाला सारखी भरत नाही, आणि सांडग्यांसाठी डाळ मापून देणाऱ्या बाईला त्याची पर्वा नव्हती. वजनाचा प्रश्न आला तो माल गावाबाहेर निघाला तेव्हा, बारदान्यात भरून, गाडीवर चढवून.

द्रवांच्या बाबतीत खेळ याहून बेफिकीर आहे. पाणी, कच्चं तेल, वाफ यांना एककाचं नावच नाही. पंपातून ‘सेकंदाला १,२०० पाणी’ येतं. बाराशे काय? लिटर? घागरी? नुसतं बाराशे. पिंपात ५० मावतं. पिंपाचं चित्र पाहिलं तर ते आपल्याकडे फवारणीचं पाणी भरायला वापरतात तसल्या पत्र्याच्या ड्रमसारखं आहे. तो ड्रम २०० लिटरचा धरला तर खेळातलं एक माप चार लिटरचं झालं.

मी म्हटलं, थांब, दुसऱ्या वाटेने मोजून बघू. बॉयलर सेकंदाला १.८ मेगाजूल, म्हणजे १,८०० किलोजूल घेतो आणि सहा मापं पाण्याची १६५ अंशांची वाफ करतो. एका मापाला ३०० किलोजूल. पाणी सुरुवातीला १५ अंशांवर असतं, म्हणजे ते १५० अंश तापतं. खऱ्या पाण्याचं एक लिटर एक अंशाने तापवायला ४.२ किलोजूल लागतात. तर ३०० किलोजूलमध्ये १५० अंश तापणारं पाणी किती? अर्ध्या लिटरला थोडं कमी. ड्रमवरून चार लिटर आणि उष्णतेवरून अर्धा लिटर!

आणि यातही खेळाने एक गोष्ट गाळली आहे. पाणी नुसतं तापून वाफ होत नाही. शंभर अंशांवर आल्यावर ते उकळत राहतं आणि तापमान न वाढता अफाट उष्णता पिऊन घेतं, लिटरमागे २,२५७ किलोजूल. हळद शिजवणाऱ्या बॉयलरचा सगळा जोर याच उष्णतेत असतो. नळीतून आलेली वाफ ओल्या हळदीवर बसते, तिचं परत पाणी होतं आणि तिने प्यायलेली ती उष्णता हळदीत उतरते. म्हणून कढईत हळद उकळायला जेवढा वेळ आणि जळण लागायचं त्याहून वाफेवर पुष्कळ कमी लागतं. ही उष्णता धरली तर १५ अंशांच्या एका लिटर पाण्याची १६५ अंशांची वाफ करायला सुमारे २,७०० किलोजूल हवेत, आणि खेळातलं माप ११० मिलिलिटरवर येतं. पाण्याचा पेला. एकाच मापाचे चार लिटर, अर्धा लिटर आणि एक पेला असे तीन अर्थ निघाले. भाच्याने खांदे उडवले. त्याच्या कारखान्याला तिन्हीतला कुठलाही चालतो, कारण कुठल्याच नळीला लिटर विचारावे लागत नाहीत. पंप किती देतो आणि बॉयलर किती घेतो, दोन्ही त्याच निनावी मापात आहेत. भागाकार केला की माप कापलं जातं आणि ‘एका पंपावर २०० बॉयलर’ एवढंच उरतं.

आणखी एक. खेळातल्या तळ्यातून कितीही पाणी उपसा, तळं आटत नाही. परळीचं केंद्र २०१३च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं.

अशा खेळांत फॅक्टोरिओ एकटा नाही. स्वीडनमधल्या कॉफी स्टेन स्टुडिओजचा सॅटिस्फॅक्टरी नावाचा खेळ आहे. तो पूर्ण स्वरूपात सप्टेंबर २०२४मध्ये आला. त्यांनी पाण्याला नाव दिलं : घनमीटर. साधा पाइप मिनिटाला ३०० घनमीटर पाणी नेतो. म्हणजे सेकंदाला पाच घनमीटर, आणि आमच्या वर्तमानपत्रांच्या भाषेत १७६ क्युसेक. धरणाचं एखादं दार थोडं उचललं की अशी बातमी येते. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ९६४ दलघमी आहे. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, हा शब्द मराठवाड्यात शाळकरी पोरालाही कळतो. इसापूर भरलेलं असताना हा पाइप लावला आणि वरून थेंब आला नाही तर ते उपसायला सहा वर्षं लागतील. भाच्याला हे आवडलं. त्याला दलघमी ठाऊक होता, पण तो एवढा मोठा असतो हे ठाऊक नव्हतं.

एवढं सगळं झाल्यावर मला जाणवलं की कोपऱ्यातल्या पळत्या आकड्यांत ‘एकूण किती’ हे जवळपास कुठेच नाही. सगळीकडे ‘सेकंदाला’ नाहीतर ‘मिनिटाला’. खेळाडू आपला कारखाना केवढा मोठा हे यंत्रांच्या संख्येने सांगत नाहीत, एकरांनीही नाही. मिनिटाला किती ‘विज्ञान’ तयार होतं, एवढंच सांगतात. त्यांच्या भाषेत एसपीएम. (‘विज्ञान’ म्हणजे रंगीत द्रव भरलेल्या बाटल्या, प्रयोगशाळेत त्या खर्चून नवा शोध लागतो. विज्ञान बाटलीत भरून मिनिटावर मोजता येईल असं आजवर कुणी मंत्र्यालाही सुचलं नसावं!) हजार एसपीएमचा कारखाना म्हटलं की बाकीचे माना डोलावतात. आम्हीही शेताची प्रत अशीच सांगतो. किती एकर हे कुणी विचारत नाही, एकरी उतारा किती ते विचारतात. फरक एवढाच की आमचा छेद जमिनीचा आहे, त्यांचा वेळेचा.

वेळेचा छेद ठेवला की एक गोष्ट आपोआप दिसते : काम अडतं कुठे. हे सांगून पटत नाही म्हणून मी हळदीचं उदाहरण घेतलं. आमच्याकडे शिमग्याच्या पुढेमागे हळद निघते. काढायची, शिजवायची, वाळवायची, ड्रममध्ये घालून पॉलिश करायची, कांडी वेगळी, गट्टू वेगळा, मग पोती भरून हिंगोलीच्या नाहीतर वसमतच्या बाजारात बीटाला. ओल्या हळदीची वाळून साधारण पाचाला एक होते. समजा बॉयलरवर रोज २० क्विंटल ओली हळद शिजते. समजा वाळायला १५ दिवस लागतात. भाच्याने माझ्या वहीच्या मागच्या पानावर चौकोन काढले, चौकोनांतून बाण काढले, प्रत्येक बाणावर ‘रोज किती’ लिहिलं. बॉयलरमधून रोज वीस निघतात. ड्रमवर रोज चार येतात. ड्रम हे काम जेवणाआधी उरकेल आणि दिवसभर रिकामा उभा राहील. मग मधे काय आहे? मधे अंगण आहे, आणि अंगणात रोजची वीस गुणिले पंधरा दिवस, म्हणजे ३०० क्विंटलची हळद पसरलेली आहे. कितीही मोठा बॉयलर आणला तरी सूर्याला घाई नाही. बॉयलर दुप्पट केला तर अंगणच दुप्पट लागेल.

या गुणाकाराला मोठं नाव आहे. जॉन लिट्ल या अमेरिकी प्राध्यापकाने १९६१मध्ये त्याची रीतसर सिद्धता दिली : आत असलेला माल म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत काढलेला वेळ. बँकेतली रांग, दवाखान्यातले रुग्ण, पट्ट्यावरचे नग, सगळ्यांना तो लागू पडतो. पिवळ्या पट्ट्यावर सेकंदाला १५ नग जातात आणि एका टाइलवर आठ असतात. म्हणजे एक टाइल ओलांडायला आठ भागिले पंधरा, अर्ध्या सेकंदाला थोडा जास्त. हे भाच्याला ठाऊक होतं. लिट्लचं नाव ठाऊक नव्हतं. मला दोन्ही ठाऊक नव्हतं, पण अंगण अपुरं पडतं म्हणून शेजाऱ्याच्या खळ्यात हळद पसरायला जावं लागतं, हे आमच्या आधीच्या तीन पिढ्यांना ठाऊक होतं.

‘‘खेळात एखादं यंत्र हळू असलं तर काय करतोस?’’ मी विचारलं.

‘‘शेजारी तसलीच आणखी लावतो.’’

‘‘सूर्य एकच आहे.’’

तो चौकोनांकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘‘मामा, मग दोन चंक ताडपत्री अंथरा.’’

दोन चंक म्हणजे वीस गुंठे. अर्धा एकर ताडपत्री. खेळात ती किती लोखंडाला पडते, हे विचारायचं राहून गेलं.